पोस्टग्रेस डेटाबेसमधला जुना डेटा स्वस्त स्टोरेजवर कसा हलवायचा

डिस्क भरत आली की पहिल्यांदा डोक्यात येतं जुन्या रो (टेबलमधल्या ओळी) डिलीट करायचं, मी पण तेच केलं होतं. व्यवहारांचं टेबल होतं, 3 वर्षांपूर्वीचं सगळं रात्रीत उडवलं आणि सकाळी बघतो तर डिस्क जेवढी भरलेली तेवढीच. पोस्टग्रेसमध्ये डिलीट केलेली रो फाइलमध्ये पडूनच राहते, व्हॅक्यूम ही साफसफाईची कमांड ती जागा नव्या रोसाठी मोकळी करतं पण ऑपरेटिंग सिस्टमला सहसा परत देत नाही. व्हॅक्यूम फुल ती परत देतं, पण तेवढा वेळ टेबल पूर्ण लॉक.

म्हणून आधी टेबलचे पार्टिशन, म्हणजे तुकडे करा, तारखेवर, महिन्याला एक. प्रायमरी कीमध्ये (प्रत्येक रो वेगळी ओळखणारे कॉलम) तारखेचा कॉलम घालावाच लागतो, नुसता आयडी चालत नाही.

चालू ३-४ महिने एनव्हीएमईवर (वेगवान एसएसडी) राहू द्या. त्यामागचं वर्षभर साध्या हार्ड डिस्कवर टेबलस्पेस (पोस्टग्रेसने डेटा ठेवायची वेगळी जागा) बनवून हलवा, हे रात्री करा कारण हलताना ते पार्टिशन लॉक होतं, आणि इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या याद्या) आपोआप जात नाहीत, ते वेगळे हलवावे लागतात.

त्याहून जुनं ॲमेझॉनच्या एस-थ्रीसारख्या ऑब्जेक्ट स्टोरेजवर (फाइली ठेवायची क्लाउडवरची जागा), पार्केट फाइल (डेटा कॉलमवार साठवणारा फॉरमॅट) करून. आधी पार्टिशन डिटॅच करा (मुख्य टेबलपासून सोडवा), पोस्टग्रेस व्हर्जन 14 पासून त्याला कन्करंटली (बाकीच्या क्वेरी न अडवता) लावता येतं, फक्त ते ट्रान्झॅक्शनमध्ये चालत नाही आणि डिफॉल्ट पार्टिशन (इतर कुठेच न बसणाऱ्या रोंचं) असेल तरी चालत नाही. मग डकडीबी या छोट्या डेटाबेस टूलने थेट पोस्टग्रेसला जोडून पार्केट काढा. रोंची संख्या आणि रकमेची बेरीज दोन्हीकडे जुळल्याशिवाय मूळ टेबल ड्रॉप करू नका, प्लीज.

आता खरी गोची इथे आहे. पार्केट वाचणारं फॉरेन टेबल (ज्याचा डेटा पोस्टग्रेसच्या बाहेर असतो) परत पार्टिशन म्हणून जोडायला गेलात तर पोस्टग्रेस नकार देतं, कारण मुख्य टेबलवर प्रायमरी की, म्हणजेच युनिक इंडेक्स आहे आणि तो असलेल्या टेबलला फॉरेन टेबल जोडता येत नाही. मग व्ह्यू (सेव्ह केलेली क्वेरी) करायचा, चालू टेबल युनियन ऑल फॉरेन टेबल, म्हणजे दोन्हींच्या रो एकत्र, आणि फॉरेन टेबलवर तारखेचं चेक कन्स्ट्रेंट (यात कोणत्या तारखा आहेत ही अट) टाकायचं. ते खरं आहे का हे पोस्टग्रेस तपासत नाही, तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतं, त्यामुळे सीमा अचूक लिहा. मग मागच्या आठवड्याची क्वेरी एस-थ्रीकडे फिरकतच नाही. पण क्वेरीत तारीख थेट लिहायची, नाऊ फंक्शन (आत्ताची वेळ देणारं) वापरलंत तर प्लॅन बनताना ती तारीख त्याला कळतच नाही आणि फॉरेन टेबल प्लॅनमध्ये राहतं. एक्सप्लेन (प्लॅन दाखवणारी कमांड) लावून बघाच.

स्वस्त म्हणून फाइली एस-थ्रीच्या ग्लेशियर डीप आर्काइव्ह या थंड साठ्याला टाकू नका, तिथून परत यायला 12 तास लागू शकतात, क्वेरी तेवढं थांबणार नाही.

बॅकअपचं पण बघा, पीजी डंप हे पोस्टग्रेसचं बॅकअप टूल फॉरेन टेबलचा डेटा आपणहून घेत नाही, त्यामुळे एस-थ्रीवरच्या बकेटला (फाइलींचा कप्पा) व्हर्जनिंग (फाइलीच्या जुन्या प्रती राखणं) पहिल्याच दिवशी चालू करा.