अंडं-ब्रेड म्हणा नाहीतर बॉम्बे टोस्ट: या चुका टाळा

कोल्हापुरात मिसळीबरोबर पाव नाही, ब्रेड येतो, तोही चांगला जाड कापलेला. त्यामुळं रविवारी घरात मिसळ झाली की चार-सहा स्लाइस हमखास उरतात. सोमवार पाळणाऱ्या घरात त्या मंगळवारपर्यंत फ्रीजमध्ये पडून राहतात, बाकीच्यांकडं दुसऱ्याच दिवशी अंड्यात बुडतात. कुणाकडं त्याला अंडं-ब्रेड म्हणतात, कुणाकडं अंड्याचा टोस्ट. मुंबईहून आलेल्या सुनेच्या तोंडी बॉम्बे टोस्ट असतं आणि हॉटेलच्या कार्डावर फ्रेंच टोस्ट.

नावावरून भांडण्यात अर्थ नाही. घोटाळा होतो तो एकाच नावाखाली दोन पदार्थ चालतात म्हणून. पोरगं म्हणतं, "अंडं-ब्रेड कर." सून दुधात साखर विरघळवून अंडी फोडते, तेवढ्यात सासूबाई विचारतात, "अगं, कांदा-मिरची कधी घालणार?" पुढं जे ताटात येतं ते ना गोड, ना तिखट, आणि लिबलिबीत. माझ्या मते बिघडलेल्या निम्म्या टोस्टचं कारण हेच आहे: कृती एकीची आणि प्रमाण दुसरीचं. म्हणून तवा तापवायच्या आधी घरात एकदा विचारून घ्या, गोड की तिखट?

गोडाचं दूध तिखटात घालू नका. गोड टोस्टला दूध लागतं. नुसत्या अंड्यात तो आम्लेटसारखा चिवट होतो. साध्या स्लाइसना दोन अंड्यांना पाव कप दूध पुरतं. मिसळीच्या जाड ब्रेडला अर्धा कप चालतं. तिखट प्रकारात मात्र दूध नकोच. कांदा, टोमॅटो, कोथिंबीर आपापलं पाणी सोडतात, त्यात दूध पडलं की मिश्रण पातळ होतं आणि स्लाइस हातात घेताना मधूनच तुटते. मीठसुद्धा अगदी शेवटी, तवा तापल्यावर घाला. आणि आपली कांदा-लसूण चटणी वापरणार असाल तर मिठाचा डबा लांबच ठेवा. चटणीत मीठ असतंच. ती वरून भुरभुरू नका, तव्याला लागली की करपते आणि कडवट होते. अंड्यात कालवून घ्या.

ताजा ब्रेड. सकाळीच बेकरीतून आणलेला मऊ ब्रेड अंड्यात टाकला तर त्याचा लगदा होणार. एक दिवसाचा, जरा कडक झालेला ब्रेड मिश्रण पितो आणि तरी आकार धरतो. फ्रीजमध्ये ब्रेड लवकर शिळवटतो, एरवी ही तक्रार असते, इथं ती सोय आहे. ताजाच असेल तर कोरड्या तव्यावर दोन्ही बाजू मिनिटभर शेकून घ्या. पण शिळा म्हणजे बुरशीचा नव्हे. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या पावसात ब्रेडला दोन दिवसांत हिरवे-काळे ठिपके येतात. ठिपका दिसला की कड कापून वापरायची काटकसर करू नका, आख्खा पुडा टाका.

परदेशी कृतीची अर्धीच नक्कल. व्हिडिओ बघून करणाऱ्यांची ही खास चूक. स्पेनमध्ये ईस्टरच्या आधीच्या दिवसांत तोरिहास करतात. त्यात जाड पाव आधी दुधात किंवा वाइनमध्ये चांगला भिजवतात, मग अंड्यात बुडवून तळतात. पोर्तुगालात नाताळाला होणाऱ्या राबानादासचीही साधारण तीच रीत. फ्रान्सच्या पेन पेर्द्यूत दूध-अंडं एकत्र फेटलेलं असतं. इंग्लंडातल्या घरगुती एगी ब्रेडला तर नुसती एक बुडी पुरते, आणि तो बऱ्याचदा खारा असतो. हाँगकाँगवाले दोन स्लाइसमध्ये शेंगदाण्याचं लोणी भरून तेलात तळतात. आता तोरिहासचं भिजवणं आपल्या पातळ सँडविच-ब्रेडला लावलं तर काय राहणार? पातळ स्लाइस एका बाजूनं पाच-सात सेकंद, उलटून तेवढंच, आणि वाटीच्या काठावर निथळून थेट तव्यावर. मिसळीच्या ब्रेडला प्रत्येक बाजूला अर्धा मिनिट द्या. मध्यभागी बोट दाबून बघा. कोरडा कडकपणा लागला तर अजून थोडं थांबा.

अंडी अर्धवट फेटणं. टोस्टवर पांढरे, रबरासारखे डाग दिसतात ते नीट न मोडलेल्या पांढऱ्या बलकाचे. आधी नुसती अंडी काट्यानं एकजीव करा, दूध मग घाला. म्हशीचं दूध असेल तर साय काढून घ्या. सायीचा गोळा ब्रेडला चिकटतो आणि तिथंच करपतो.

मोठी आच. वरून तांबूस, आतून कच्चा आणि वशाट वास, ही तक्रार घरोघरी. अंडं साधारण 62 ते 70 अंशांच्या दरम्यान घट्ट होतं, पण ती उष्णता स्लाइसच्या मध्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि साखर असली की बाहेरची बाजू त्याआधीच काळी पडते. आच मध्यमपेक्षा कमी ठेवा. जाड स्लाइस दोन्हीकडून रंगली की मिनिटभर झाकण ठेवून काढा. नुसत्या लोण्यात भाजत असाल तर लोण्यातला दुधाचा अंश जळून काळे कण धरतात. थोडं तेल मिसळा किंवा सरळ तूप घ्या. तुपात तो अंश कढवतानाच निघून गेलेला असतो.

कांद्याबद्दल एक: तो मोठा चिरला की उलटताना सगळा तव्यावर सांडतो. बारीक चिरा आणि स्लाइस तव्यावर ठेवल्यावर वरच्या ओल्या बाजूवर दाबून बसवा.

गूळ दुधात घालून उकळणं. कोल्हापूरचा गूळ घरात असताना साखर कशाला, हे मलाही पटतं. पण गरम दुधात गूळ पडला की दूध फाटायची भीती असते. त्यापेक्षा मिश्रण जवळजवळ अगोड ठेवा आणि ताटात वरून काकवी सोडा. हिवाळ्यात गुऱ्हाळं सुरू झाली की ताजी काकवी मिळते, तिच्यापुढं बाटलीतलं परदेशी सिरप फिकं. वर जायफळाची चिमूट. तिखट टोस्टबरोबर टोमॅटो सॉस मुलांसाठी ठीक आहे. मोठ्यांना उरलेला मिसळीचा कट गरम करून वाटीत द्या. टोस्टवर ओतू नका, बुडवून खाऊ द्या.

डब्यात गरम भरणं. वाफेनं सगळा कुरकुरीतपणा जातो, शाळेत मुलं डबा तसाच परत आणतात. जाळीवर गार होऊ द्या, मग भरा. एकावर एक रचू नका.

श्रावणात किंवा वाराच्या दिवशी बेसनात बुडवून ब्रेड करतात आणि काही घरांत त्यालाही टोस्टच म्हणतात. तिथं वरचे नियम लागू नाहीत. बेसन ब्रेडमध्ये मुरत नाही, वर बसतं. म्हणून भिजवत ठेवायचं नाही, आणि पीठ चमच्यावरून सलग धारेनं पडेल इतपत दाट हवं.

अंड्याचं भांडं मात्र लगेच धुवायला घ्या, आणि पहिलं पाणी गार असू द्या. गरम पाण्यानं उरलेलं अंडं वाटीतच शिजतं आणि घासणीनंही निघत नाही.