दुडुदुडु चालणाऱ्या पोराला बागेत नेताय? बाग निवडताना या चुका टाळा

लेक सव्वा वर्षाची झाली तेव्हा आम्ही तिला पहिल्यांदा ‘चांगल्या’ बागेत नेलं. चांगली म्हणजे मोठी. कारंजं, फुलांचे ताटवे आणि दुरून दिसणारी वळणावळणाची घसरगुंडी, सगळं होतं. पोचायला पाऊण तास लागला. फाटकातून आत शिरलो तर दोन पावलांवर पाण्याच्या निचऱ्याची लोखंडी जाळी होती. बाई तिथेच फतकल मारून बसल्या आणि एकेक खडा उचलून जाळीच्या भोकातून खाली सोडायला लागल्या. टप्प. पुढचा खडा. टप्प. कारंज्याकडे मान वळवून बघितलंसुद्धा नाही. अर्ध्या तासाने ती पेंगली आणि आम्ही परत फिरलो.

चूक तिची नव्हती. बाग आम्ही स्वतःसाठी निवडली होती.

खेळणी बघून बाग ठरवणं

एक ते तीन वर्षांच्या मुलाला बागेत सगळ्यात जास्त लागते ती जमीन. मानसशास्त्रज्ञ कॅरन अडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी 2012 साली 12 ते 19 महिन्यांच्या मुलांच्या चालण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोकळं खेळताना ही मुलं तासाला सरासरी 2,368 पावलं टाकतात आणि 17 वेळा पडतात, असं त्यात दिसलं. तासाला सतरा वेळा! म्हणजे झोपाळे किती आहेत यापेक्षा पोर पडेल कशावर, हे आधी बघायला हवं.

तेव्हा बागेत शिरल्यावर मान खाली घाला. काचा, सिगारेटची थोटकं, कुत्र्याची घाण, उखडलेल्या फरशीची कड, झाडाची वर आलेली मुळं. अगदी गुळगुळीत मैदानही नको, त्यात पोराला काही करायला उरत नाही. छोटासा उंचवटा, दोन बुटक्या पायऱ्या, थोडं गवत, थोडी माती एवढ्यावर तास सहज निघतो.

‘लहान मुलांसाठी’ ही पाटी डोळे मिटून मानणं

लहान म्हणजे किती लहान? अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या मार्गदर्शक पुस्तिकेत मैदानावरच्या खेळण्यांसाठी तीन गट आहेत: 6 ते 23 महिने, 2 ते 5 वर्षं आणि 5 ते 12 वर्षं. बऱ्याच बागांमध्ये सगळा मांड तिसऱ्या गटासाठी असतो. शिडीच्या दोन दांड्यांत एवढं अंतर की दीड वर्षाच्या मुलाचा पाय पोचतच नाही, मग आपण त्याला उचलून वर ठेवतो. इथेच गडबड होते. जिथे पोर स्वतः चढू शकत नाही तिथून त्याला स्वतः उतरताही येत नाही.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे फटी. कठड्याच्या गजांमधली किंवा शिडीच्या दांड्यांमधली फट साधारण 9 ते 23 सेंटीमीटर असेल तर धोका. लहान मुलाचं धड पायाकडून त्यातून निसटतं आणि डोकं अडकतं. मोजपट्टी कोण घेऊन फिरतो? आपला हात आहेच. तळहाताची रुंदी आठ-नऊ सेंटीमीटर, वीत वीस-बावीस. तळहात आडवा सहज आत जातो पण ताणलेली वीत मावत नाही, अशी फट दिसली की ते खेळणं सोडून द्या.

झोपाळा असलाच तर चारी बाजूंनी बंद असलेल्या बैठकीचा हवा, पोराचे पाय दोन भोकांतून बाहेर येतील असा. आणि तो कुठे टांगलाय तेही बघा. चालायच्या वाटेला लागून मोठ्या मुलांचा झोपाळा असेल तर मी ती बाग सरळ रद्द करतो, कारण या वयाच्या पोराला हलत्या वस्तूचा अंदाज येत नाही आणि ते बरोबर तिच्या समोर जाऊन उभं राहतं.

मांडीवर घेऊन घसरगुंडी

ही चूक प्रेमापोटी होते, मीही केली आहे. एकटं कसं जाईल म्हणून आपण त्याला मांडीवर घेतो. खाली येताना पोराचा बूट घसरगुंडीच्या कडेला किंवा पत्र्याला चिकटतो. ते एकटं असतं तर तिथे थांबलं असतं. पण मागून आपलं वजन येतच असतं, पाय अडकून पिळला जातो आणि नडगीचं हाड मोडू शकतं. लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांना हा प्रकार चांगला माहीत आहे. पोर एकटं घसरू शकेल एवढी बुटकी घसरगुंडी शोधा आणि आपण बाजूला उभे राहा. तशी नसेल तर यंदा घसरगुंडी नाही, विषय संपला.

खाली काय आहे? गवत मऊ वाटतं, पण पायाखाली तुडवून तुडवून घट्ट झालेलं गवत आणि माती उंचावरून पडणाऱ्याला फारसं वाचवत नाही. रबरी फरशी, जाड थराची वाळू किंवा लाकडाच्या ढलप्या बऱ्या. टाच जोरात दाबून बघा, जमीन दबली पाहिजे. झोपाळ्याखाली पाय घासून घासून वाळूचा खड्डा पडतो आणि नेमकं जिथे पडायचं तिथे कडक जमीन उघडी होते. पायाने वाळू परत ओढून घ्यायला मिनिटभर लागतं.

भलत्या वेळी पाहणी करणं

बाग बघायला आपण सवडीने जातो, सकाळी अकराला वगैरे. सगळं शांत, मोकळं. मग सुट्टीच्या संध्याकाळी पोराला नेलं की तिथे आठ-दहा वर्षांच्या मुलांचा धुडगूस चाललेला. ज्या वारी, ज्या वेळी नेणार त्याच वेळी एक चक्कर मारा, जमल्यास एकट्याने. सावलीही तेव्हाच कळते. सकाळी झाडाखाली असलेली घसरगुंडी दुपारी उन्हात तापते. पत्र्याचं सोडाच, प्लॅस्टिक आणि रबरी फरशीसुद्धा लहान मुलाची कातडी भाजेल एवढी तापू शकते. हाताची मागची बाजू टेकवून पाच सेकंद ठेवा. आपल्याला चटका बसला तर मुलाला बसवू नका.

कुंपण, पाणी, झाडं

कुंपण अख्खं आहे का आणि बाहेर पडायचे रस्ते किती, ते मोजा. माझ्या मते एकच फाटक असलेली साधी बाग ही तीन फाटकांच्या सुंदर बागेपेक्षा कितीतरी बरी. बाक कुठे आहे यालाही अर्थ आहे, बसल्या जागेवरून सगळं अंगण दिसायला हवं.

पाण्याबद्दल मात्र थोडं कडक बोलतो. लहान मूल तीन-चार सेंटीमीटर पाण्यातही बुडू शकतं, आणि बहुतेक वेळा आरडाओरड न होता, गुपचूप. शोभेचं तळं, कारंज्याचा हौद, पाऊस साचलेला खड्डा, कशालाही कुंपण नसेल तर पोर हाताच्या अंतरावर हवं. फोनवर बोलत ‘लक्ष आहे माझं’ हे चालत नाही.

शोभेच्या झाडांत कण्हेर सर्रास असते. तिची पानं, फुलं, बिया, सगळंच विषारी. पिवळ्या कण्हेरीचंही तेच. सगळं तोंडात घालायचं वय असेल तर त्या ताटव्यापासून लांबची जागा धरा. वाळूचा हौद झाकून ठेवतात का, हेही विचारा. उघड्या वाळूत मांजरं घाण करतात आणि त्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो.

टोपडं किंवा जॅकेटची गळ्याजवळची नाडी घरीच काढा. ती खेळण्याच्या फटीत अडकून फास बसू शकतो. सायकलवरून आला असाल तर पोराचं हेल्मेटही खेळण्यावर चढण्याआधी उतरवा.

बाग बरी, तरी बिनसतंय

कडेवरून खाली उतरतच नाही? बहुतेक गर्दी आणि आवाज. अर्धा तास आधी जा आणि तुम्ही स्वतः जमिनीवर बसा. आपण उभे राहून ‘जा, खेळ’ म्हटलं की पोर आणखी घट्ट चिकटतं.

दहाव्या मिनिटाला रडायला लागतं? बागेला बोल लावण्याआधी घड्याळ बघा. झोपेची वेळ तासाभरावर आली असेल तर कुठलीही बाग वाईटच वाटेल. यासाठीच मी जवळची बाग धरतो. पाऊण तास गाडीत बसवलेलं मूल आपला खुशीतला वेळ रस्त्यातच संपवून येतं.

निघताना भोकाड पसरतं? ‘अजून पाच मिनिटं’ याचा त्याला काही अर्थ लागत नाही. ‘अजून दोनदा घसरायचं, मग घसरगुंडीला टाटा’ हे कळतं. टाटा झाल्यावर हातात एखादं काम द्या. आमच्याकडे पाण्याची बाटली फाटकापर्यंत नेण्याचं काम ठरलेलं आहे आणि ते कुणी दुसऱ्याने केलेलं चालत नाही.

मोठी मुलं ढकलतात? त्यांना ओरडण्याआधी ‘ही अजून चालायला शिकतेय, जरा बघून’ एवढं सांगून पाहा. बहुतेक मुलं लगेच दादा-ताई होतात. एखाद्या वेळी नाहीच ऐकलं तर आपण कोपरा बदलायचा.

आता आम्ही घरापासून चालत सात मिनिटांवरच्या एका लहानशा बागेत जातो. तिथे एक बुटकी घसरगुंडी, दोन झाडं आणि एकच फाटक आहे. त्या फाटकाची कडी वर-खाली करण्यात पहिली दहा मिनिटं जातात, आणि घरून निघतानाच आम्ही ती दहा मिनिटं हिशेबात धरतो.