बेळगाव-खानापूरच्या पावसात अडकणार नाही असं काचेचं दार कसं करायचं

आमच्याकडं मे महिन्यात केलेलं दार जुलैत परत बोलावतंय, हे खानापूरच्या जांबोटी, कणकुंबी साईडला काम दिलेल्या सगळ्या सुतारांना माहीत हाय. माझंबी झालंय. देवघराचं दार उन्हाळ्यात एकदम फिट बसवून दिलं आणि पंधरा दिवस सलग पाऊस लागल्यावर काकूंचा फोन, दार उघडंना रे, देव आत अडकलेत. तेव्हापासून मी कसं करतो ते सांगतो, शोकेस असू दे नाहीतर देवघर, पद्धत एकच.

आधी लाकूड समजून घ्या. लाकूड पाणी ओढून रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच, आणि काच तर दमट हवेनं फुगतच नाही. म्हणजे तीन इंच रुंद उभ्या पट्ट्या घेतल्या की दोन्ही मिळून दार मिलिमीटर-दीड मिलिमीटर सहज रुंदावतंय. सागवान त्यातल्या त्यात कमी हलतं, आंब्याचं जास्त. म्हणून आंबा, फणस घ्यायचा तर पूर्ण वाळलेलाच घ्या, सॉ मिलवरनं आणला की लगेच कापायला बसू नका, खाली पट्ट्या घालून, मधी हवा खेळंल असं रचून आपल्याच शेडमध्ये ठेवा, जिथं काम करणार तिथलीच हवा त्याला लागू दे. आणि लाकडाची पावती टाकून देऊ नका, रस्त्यात कोणी विचारलं तर दाखवता येते.

चौकट कुसवाच्या सांध्यानंच (एका पट्टीचं टोक दुसरीच्या भोकात घालून) जोडा, नुसतं स्क्रू-फेविकॉलवर काचेचं वजन सोडू नका. चार एमएमची काच स्क्वेअर फुटाला साधारण 900 ग्रॅम भरते, म्हणजे पाच फूट बाय दीड फूट काचेच्या दारात जवळजवळ सात किलो नुसती काच, लाकूड वेगळं. एवढ्या उंच दाराला तीन बिजागऱ्या लावाच. सांधे भरल्यावर नुसता गुण्या (काटकोन बघायचं हत्यार) लावून भागत नाही, कोनाकोनी दोन्ही मापं घ्या, दोन्ही सारखी आली तरच क्लॅम्प तसाच ठेवा, नाहीतर दार वाकडं वाळंल आणि पुढं काचेवर ताण येऊन कोपऱ्यातनं तडा जाईल.

आता गॅप. दार आणि बाहेरची चौकट यात उन्हाळ्यात काम करत असाल तर बिजागरीच्या विरुद्ध बाजूला एक सूत, म्हणजे तीन एमएम सोडा. गिऱ्हाईक म्हणणार, काय ओ एवढी फट ठेवलाय, तर त्यांना तिथंच समजावून सांगा, पावसाळ्यात ती भरती. भर पावसात काम करत असाल तर लाकूड आधीच फुगलेलं असतंय, तेव्हा अर्धं सूत पुरतं.

काचेचं माप पताम, म्हणजे काच बसायची खाच, मारून झाल्यावरच घ्या, ड्रॉइंगवरनं नाही. पतामाच्या आतल्या मापापेक्षा काच उंचीत आणि रुंदीत दोन्हीकडं तीन एमएम कमी सांगा. खाली काच थेट लाकडावर टेकवू नका, रबराचे दोन छोटे तुकडे दोन्ही टोकांपासनं थोडं आत ठेवून त्यावर बसवा. टफन (तापवून कडक केलेली) काच घ्यायची असंल तर भोकं, कडा सगळं आधीच सांगून टाका कारण टफन झाल्यावर ती कापता येत नाही, कापायला गेलात तर सगळीच बारीक तुकडे होऊन पडती. आणि एक पैशाची गोष्ट, बरेच काचवाले माप वरच्या तीन किंवा सहा इंचाला नेऊन बिल लावतात, तेव्हा दाराचं डिझाईन करतानाच काच साडेअठरा इंच येण्यापेक्षा पावणेअठरा येईल असं बघा, तेवढेच पैसे आपल्या खिशात राहतात.

साधी काच स्वतः कापत असाल तर काच आधी पुसून घ्या, कटरच्या चाकाला रॉकेल लावा, एकाच दाबानं एकदाच रेघ ओढा. त्याच रेघेवर परत कटर फिरवला की काच भलतीकडं फुटतीच. कापलेली कड ओल्या दगडावर घासायची, कंटाळा करू नका, घरात पोरं असतात. उरलेल्या काचा उभ्या ठेवा आणि मधला पेपर कोरडा हाय का बघा, दोन काचांमध्ये ओल राहिली की पांढरे डाग पडतात, ते मग सहजासहजी जात नाहीत.

गिऱ्हाईक कन्नडमध्ये बोलत असंल तर कन्नडी म्हणजे आरसा आणि गाजु म्हणजे काच, हे लक्षात ठेवा. मी एकदा कन्नडी ऐकून काचेचं माप लिहून घेतलं, त्यांना कपाटाच्या दाराला आरसा पाहिजे होता, नवीन आरसा माझ्याच पैशानं आणायला लागला. आता ऑर्डरच्या चिठ्ठीवर चित्र काढून सही घेतो.

पॉलिश काच बसवायच्या आधी करा, आणि पतामाच्या आत, दाराच्या खालच्या-वरच्या कडेलाबी मारा. लोक दिसतंय तेवढंच मारतात आणि पाणी तिथनंच शिरतं. बाहेर धो धो पाऊस असताना पॉलिश नकोच, ते पांढुरकं होतंय. गणपतीच्या आधी देवघर पाहिजे म्हणून सगळे जुलैलाच येतात, पण तेव्हा पॉलिश जमत नाही, म्हणून मी मे अखेरपर्यंतच पॉलिशची कामं उरकून घेतो आणि पावसाळ्यात फक्त काच, ती धरून ठेवणारी बीडिंग पट्टी आणि फिटिंग ठेवतो. उशिरा आलेल्यांना सरळ सांगतो, उघाड मिळाली तर देतो, नाहीतर दसऱ्याला.

खानापूरकडं न्यायचं असंल तर टेंपोत काच उभीच ठेवा, आडवी टाकली की खड्ड्यात गेलीच. शक्य असंल तर दार रिकामं न्या आणि काच घरी जाऊन बसवा, बीडिंगला खिळे मारताना काचेवर पुठ्ठा धरा.

ऑगस्टमध्ये त्या बाजूला गेलो की मी दिलेलं दार एकदा उघडझाप करून बघतो, पिशवीत छोटा रंधा असतोच. घासत असंल तर तिथंच दोन हात फिरवतो, उघड्या पडलेल्या कडेला परत पॉलिश लावतो, आणि त्याचे पैसे घेत नाही.