भंगारातला सीआरओ पुन्हा जिवंत करायचा तर

नांदेड-लातूरकडच्या एखाद्या पॉलिटेक्निकच्या भंगारातून २० मेगाहर्ट्झचा जुना सीआरओ, म्हणजे विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप, हाती लागला, की पहिली खुमखुमी येते ती प्लग लावून बघायची. ती आवरा.

आधी कव्हर काढा, मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो घ्या आणि मऊ ब्रशने धूळ झाडा. आपल्याकडे ती चिक्कार निघते. फुगलेले कपॅसिटर, काळवंडलेले रेझिस्टर, उंदराने कुरतडलेल्या वायरी शोधा. फ्यूज उडाला असेल तर त्याच अँपिअरचाच घाला.

आता सिरीज बोर्ड, म्हणजे मशीनच्या सप्लायला ओळीत बल्ब जोडलेला बोर्ड. फेजच्या वाटेत ६० वॅटचा तारेचा बल्ब हवा, एलईडी चालणार नाही. मशीन चालू करताच बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर पुढे जा. लख्ख पेटूनच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. बहुधा रेक्टिफायरचा डायोड किंवा फिल्टर कपॅसिटर. अर्थिंगची पिन मात्र कधीही तोडू नका.

पिक्चर ट्यूबच्या बाजूला सुमारे २००० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकतात. साधा मल्टिमीटर तिथे लावायचा नाही. नवख्याने त्या भागाला हातच लावू नये, हे माझं स्पष्ट मत. बाकी ठिकाणी मोजतानाही एक हात खिशात ठेवा.

पॉवर सप्लायच्या बोर्डवर ५, १२ असे व्होल्टेज छापलेले असतात. ते एकेक मोजा, मग मीटर एसीवर टाकून रिपल, म्हणजे डीसीत उरलेला एसीचा चढउतार, बघा. रिपल जास्त दिसला तर त्या लाइनचा फिल्टर कपॅसिटर वाळलाय. तापमान १० अंशांनी वाढलं की अशा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि मे महिन्यात आपली खोलीच चाळिशीला टेकते. म्हणून नवा घेताना १०५ अंशांपर्यंत चालणारा घ्या. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, प्लस-मायनस तपासून. सगळे एकदम बदलायचा उत्साह नको. एक बदला, मोजा, मग दुसरा.

पडद्यावरची रेघ थरथरते, मध्येच गायब होते? दोष बऱ्याचदा मळलेल्या स्विचचा असतो. प्लग काढून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, नॉब भरपूर फिरवा, वाळू द्या.

शेवटी प्रोब (मोजायची वायर) मशीनवरच्या कॅल, म्हणजे कॅलिब्रेशनच्या पिनला लावा. बहुतेक मॉडेलवर तिथे १ किलोहर्ट्झची चौकोनी लहर मिळते. टाइमबेस (आडव्या एका चौकटीचा वेळ) १ मिलिसेकंदावर आणि व्हेरिएबल नॉब कॅलवर असेल, तर एका चौकटीत एक लहर बसायला हवी. कोपरे गोल दिसले तर प्रोबवरचा ट्रिमर (जुळवणीचा छोटा स्क्रू) हळूहळू फिरवा.