कमोड काढल्यावर येणारा गटाराचा वास : शेवटी कायमचा गेला

वापरात नसलेला कमोड काढला आणि खोलीत वास सुरू झाला. दुसऱ्या बाथरूममध्ये फ्लश केला की तो जास्तच यायचा. कारण साधं आहे: कमोडमध्ये साठणारं पाणीच वायू अडवतं. कमोड गेला की पाईप उघडा पडतो.

आधी चिंध्या कोंबून वर टेप लावली. चार दिवस टिकली. मग सिमेंट भरलं. प्लास्टिकच्या पाईपला सिमेंट चिकटत नाही, कडेने बारीक फट पडली आणि वास परत आला. दोन महिने यात गेले, फार वैताग आला.

शेवटी असं केलं. सिमेंट खरवडून काढलं आणि आत तुकडे पडू नयेत म्हणून पाईपमध्ये दोरी बांधलेला कापडाचा बोळा ठेवला. पाईपचा बाहेरचा व्यास मोजला, 110 मिमी. त्याच मापाची पीव्हीसी एंड कॅप (पाईपचं तोंड बंद करणारं झाकण) आणली. पाईपचं तोंड सरळ कापलं, पॉलिश पेपरने घासलं, पुसून पूर्ण कोरडं केलं. कॅप कोरडीच बसवून पाहिली. बोळा बाहेर काढला (हे विसरू नका!). मग पाईपला बाहेरून आणि कॅपला आतून सॉल्व्हंट सिमेंट (बांधकामाचं सिमेंट नाही, पीव्हीसी चिकटवायचा गोंद) लावलं, कॅप पाव वळसा फिरवत दाबली, अर्धा मिनिट धरून ठेवली. खिडकी उघडी ठेवा, या गोंदाच्या वाफेने डोकं गरगरतं. चोवीस तास हात लावला नाही.

पुढे पुन्हा कमोड बसवायचा असेल, तर चिकटवू नका. नट आवळला की फुगणारा रबरी प्लग घाला.