स्पर्धेचा आरसी रॉक क्रॉलर चाकांपासून वर बांधावा

आरसी रॉक क्रॉलर म्हणजे खडकांवरून सावकाश चढत-उतरत जाणारी रिमोटची छोटी गाडी. रॉक क्रॉलिंगच्या स्पर्धेत वेगाला जवळजवळ किंमत नसते. खडकांमध्ये ठरावीक अंतरावर खुणेच्या दोन-दोन काठ्या रोवून गेट तयार केलेले असतात, ते क्रमाने आणि दिलेल्या वेळेत ओलांडायचे असतात आणि ज्याचे गुण सर्वांत कमी, तो जिंकतो. माणूस आत बसून चालवतो अशा मोठ्या गाड्यांच्या अमेरिकेतील स्पर्धांवरून ही पद्धत रिमोटच्या गाड्यांकडे आली. अनेक नियमावल्यांमध्ये गाडी मागे घेतल्यास १ गुण आणि गेटच्या काठीला स्पर्श झाल्यास १० गुण दंड बसतो. म्हणजे काठी घासण्यापेक्षा दोन-तीन वेळा मागे घेऊन गाडी सरळ लावून घेणे कितीतरी स्वस्त पडते. त्यामुळे जोरदार मोटरीपेक्षा सांगितले तितकेच आणि सांगितले तिकडेच सरकणारी गाडी बांधणे हेच खरे काम आहे.

ज्या स्पर्धेत उतरायचे असेल तिची नियमावली खरेदीपूर्वीच वाचावी, कारण व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर), रुंदी, टायरचा व्यास आणि बॉडीचे, म्हणजे वरच्या कवचाचे, स्वरूप यांवर बंधने असतात आणि ती प्रत्येक वर्गात वेगळी असतात. १:१० प्रमाणाच्या गाड्यांमध्ये १.९ इंच आणि २.२ इंच हे दोन प्रमुख वर्ग आहेत. हे माप रिमचे असते, टायरचे नव्हे. नवशिक्याने १.९ घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्यासाठी सुटे भाग मुबलक मिळतात. ॲक्सियल कंपनीची एससीएक्स१० मालिका किंवा २०१७ मध्ये आलेली ट्रॅक्सस कंपनीची टीआरएक्स-४ हा चांगला पाया ठरतो. टीआरएक्स-४ला पोर्टल ॲक्सल आहेत. त्यांत चाकाजवळच गिअर असल्याने ॲक्सलची नळी चाकाच्या मध्यबिंदूपेक्षा वर राहते आणि दगडावर अडकत नाही. मात्र तिच्यातील डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची जोडणी) लॉक करणारे आणि दोन गती बदलणारे सर्व्हो (रिमोटच्या आदेशावर भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी) स्पर्धेसाठी काढून टाकावेत आणि दोन्ही डिफरन्शियल कायमचे लॉक करावेत.

पहिला खर्च टायरवर करावा. मऊ रबराचा टायर लवकर झिजतो, पण खडक तोच धरतो. टायरइतकेच महत्त्व आतल्या फोमला आहे आणि नेमके तिकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. दुहेरी फोम वापरावा. त्यात आतला थर घट्ट आणि बाहेरचा मऊ असतो. मऊ थरामुळे टायर दगडाच्या कडेवर मूठ वळावी तसा वळतो, तर गाडी उतारावर आडवी असताना घट्ट थर टायरला रिमवरून दुमडू देत नाही. पुढच्या चाकांवर भार जास्त असल्याने तिथला फोम मागच्यापेक्षा किंचित घट्ट ठेवावा. रिमला छोटे छिद्र असले पाहिजे, नाहीतर आत कोंडलेली हवा टायरला फुग्यासारखे ताठ ठेवते आणि महाग फोमचा काही उपयोग होत नाही. रिम बीडलॉक प्रकारचे, म्हणजे स्क्रूने आवळायचे घ्यावेत. डिंकाने चिकटवलेला टायर उघडून फोम बदलता येत नाही, आणि फोम तर वारंवार बदलावा लागतो.

यानंतर वजन. साधारण ६० ते ६५ टक्के भार पुढच्या चाकांवर असावा आणि तो शक्य तितका जमिनीलगत असावा. हे अंदाजाने ठरवू नये. स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर पुढची दोन चाके ठेवावीत, मागची चाके तितक्याच उंचीच्या पुस्तकांवर ठेवावीत आणि आकडा लिहून घ्यावा. मग उलट करून मागचा भार मोजावा. बॅटरी आणि बॉडी जागेवर असतानाच हे मोजमाप करावे. भार वाढवायचा असेल तर पितळी वजने पुढच्या स्टिअरिंग नकलवर (चाक वळवणाऱ्या सांध्यावर) किंवा पोर्टलच्या झाकणांवर बसवावीत, चासीवर, म्हणजे मुख्य सांगाड्यावर, कधीही नाही. चासीवरील वजन स्प्रिंगच्या वर असते आणि गाडी कलली की तेच तिला पाडते. बॅटरी छोटी, हलकी आणि पुढे, खाली असावी. बॉडी तर जितकी हलकी मिळेल तितकी घ्यावी, कारण सर्वांत उंचावरचे वजन तिचेच असते.

बदलाचा परिणाम तपासण्यासाठी एका फळीवर खरखरीत पॉलिश पेपर चिकटवावा, गाडी तीवर आडवी उभी करावी आणि फळी हळूहळू उचलत जावी. वरची चाके सुटतात तो कोन मोबाइलवर मोजता येतो. एका वेळी एकच बदल करावा, अन्यथा कोन कशामुळे वाढला ते कळत नाही.

सस्पेन्शनमध्ये शॉक (धक्के शोषणारे स्प्रिंगचे दांडे) असे लावावेत की उभ्या गाडीत ते बऱ्यापैकी दबलेले राहतील. त्यामुळे चासी खाली बसते आणि चाकाला खड्ड्यात उतरायला वाव मिळतो. थ्रॉटल देताच चासी एका बाजूला पिळते आणि पुढचे एक चाक हलके होते, हा क्रॉलरमधील नेहमीचा त्रास आहे. त्यावर नुसत्या कडक स्प्रिंगचा इलाज करू नये, आधी लिंकचे, म्हणजे ॲक्सल चासीला जोडणाऱ्या दांड्यांचे, कोन तपासावेत. स्टिअरिंगचा सर्व्हो चासीवर असेल तर ड्रॅग लिंक (सर्व्होपासून चाकांकडे जाणारा दांडा) आणि पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला आडवे सरकू न देणारा दांडा) एकमेकांना समांतर आणि शक्यतो सारख्या लांबीचे असावेत, नाहीतर सस्पेन्शन हलले की चाके आपोआप वळतात. सर्व्हो किमान २५ किलो-सेंमी जोराचा घ्यावा आणि चाके पूर्ण वळल्यावर तो गुरगुरत राहणार नाही अशा बेताने रिमोटमधील एंड पॉइंट, म्हणजे सर्व्होच्या फिरण्याच्या मर्यादा, लावावेत.

मोटरीबद्दल थोडक्यात सांगता येईल. ३५ ते ५५ टर्नची (आतल्या तारेच्या वेढ्यांची) ५४० या ठरावीक आकाराची ब्रश मोटर आणि ड्रॅग ब्रेक (थ्रॉटल सोडताच आपोआप लागणारा ब्रेक) १०० टक्क्यांवर ठेवता येणारा ईएससी, म्हणजे मोटरीची गती सांभाळणारे सर्किट, एवढे पुरते. सेन्सर नसलेली ब्रशलेस (ब्रश नसलेली) मोटर टाळावी, कारण ती अगदी मंद गतीत अडखळते. लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीचा कट-ऑफ, म्हणजे ईएससी वीज तोडतो तो व्होल्टेज, दर सेलला ३.२ व्होल्टच्या खाली ठेवू नये.

पुढची चाके मागच्यांपेक्षा थोडी जास्त फिरतील असे गिअर पुढच्या ॲक्सलमध्ये घालण्याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. त्याने चढावर गाडीचे नाक वर उचलले जाण्याऐवजी पुढे ओढले जाते आणि वळण लहान होते. वजन आणि टायर जमल्याशिवाय त्याकडे वळू नये.

चालवण्याचा सराव खडकावरच करावा. सह्याद्रीचा काळा पाषाण कोरडा असताना टायर उत्तम धरतो. कोकणात आणि गोव्यात मिळणाऱ्या जांभ्याची भुकटी मात्र टायरला चिकटते आणि पकड कमी होते, त्यामुळे तिथे मधूनमधून टायर ओल्या फडक्याने पुसावेत. पायरीसारखा दगड समोर आला की दोन्ही चाके एकदम चढवू नयेत. गाडी किंचित तिरपी आणून आधी एक चाक टेकवावे, ते वर गेल्यावर स्टिअरिंग हळू डावी-उजवीकडे हलवून दुसऱ्याला पकड शोधून द्यावी. चाक जागेवर फिरू लागले की थ्रॉटल लगेच सोडावा, कारण जागेवर फिरणारे चाक पकड गमावते आणि गाडी आडवी सरकते. मागची चाके पुढच्यांपेक्षा आतून जातात, म्हणून गेटमध्ये शिरताना आतल्या काठीपासून अंतर जास्त ठेवावे. बहुतेक स्पर्श मागच्या टायरचेच असतात. उतरताना थ्रॉटल शून्यावर आणून गाडी ड्रॅग ब्रेकवर धरावी आणि बोटाच्या हलक्या दाबाने एकेक इंच सोडावी. मागची चाके उचलली जाऊ लागली तर मात्र ब्रेकवर राहू नये, स्टिअरिंग सरळ करून थोडा थ्रॉटल द्यावा, म्हणजे पुढची चाके गाडीच्या खालून पुढे सरकतात आणि मागची पुन्हा टेकतात.