प्रार्थनेला शब्द सुचत नाहीत तेव्हा

घरात आजारपण आलं किंवा नोकरी गेली की गुडघे टेकूनही तोंडातून शब्द फुटत नाहीत. अशा वेळी बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं १३ वं स्तोत्र धरा. सहाच वचनं आहेत.

१. ते कागदावर हाताने उतरवून मोबाइलच्या कव्हरमागे ठेवा.
२. पहिल्या दोन वचनांत ‘कुठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. तिथे थांबून आपली तक्रार स्पष्ट सांगा. ज्याच्या नावाने हे स्तोत्र आहे त्या दावीद राजाने भीड बाळगली नाही, आपणही कशाला बाळगायची?
३. पुढच्या दोन वचनांशी एकच मागणं मागा.
४. शेवटची दोन भरवशाची. मन लागत नसलं तरी मोठ्याने वाचा.

बसस्टॉपवरही जमतं. मात्र झोप-भूकच उडाली असेल तर चर्चच्या पाळकांशी बोला, डॉक्टरांनाही दाखवा, आणि चालू असलेल्या गोळ्या प्रार्थनेच्या भरवशावर बंद करू नका.